हृदय-ऊती इन्क्युबेटरमध्ये धडधडते, सूक्ष्मदर्शकाखाली थांबते: काय तपासावे आणि कोणत्या क्रमाने

हे टिपण मानवी आयपीएस पेशींपासून (प्रौढ पेशींना मूळ रूपात नेऊन मिळवलेल्या, कोणतीही पेशी बनू शकणाऱ्या पेशींपासून) घडवलेल्या हृदय-ऊतीबद्दल आहे. हृदयस्नायू पेशी फायब्रिनमध्ये (रक्ताच्या गुठळीतल्या प्रथिनाच्या जेलमध्ये) मिसळून अगारोजच्या साच्यात ओतायच्या आणि जेल जमल्यावर ती ऊती सिलिकोनच्या दोन लवचीक खांबांमध्ये ताणलेली ठेवायची, अशी ही रचना. हॅम्बुर्गच्या गटाने २०१० मध्ये उंदराच्या पेशींवर ही पद्धत मांडली, पुढच्याच वर्षी ती मानवी पेशींवर आली. खालचे आकडे २४ वेलच्या (खाचांच्या) प्लेटमधल्या १०० मायक्रोलिटरच्या ऊतीला धरून आहेत. दरेक ऊतीत साधारण १० लाख पेशी असतात. तुमची ऊती लहान असेल तर पेशी आणि जेल त्या प्रमाणात कमी होतील, तपासण्यांचा क्रम मात्र हाच राहील.

ऊती थांबलेली दिसली की बॅच टाकून देण्याची घाई होते. तसे करू नका. हा बिघाड बहुतेक वेळा मोजणीच्या जागी असतो: थंड स्टेज (सूक्ष्मदर्शकाचा नमुना ठेवायचा मंच), चुकीचे द्रावण, जास्त प्रकाश किंवा जास्त डाय (कॅल्शियम दाखवणारा चमकणारा रंग). पेशींवर संशय घ्यायची वेळ त्यानंतर येते. एका बॅचमागे ४ ते ६ आठवड्यांचे काम असते, तेव्हा आधीच्या या छोट्या तपासण्या सोडू नयेत.

लक्षणे

आधी तुमचे लक्षण कोणते ते ठरवा, कारण त्यावरून सुरुवात कुठून करायची ते कळते.

- इन्क्युबेटरमधून काढताना धडधड दिसते, स्टेजवर ५ ते १० मिनिटांत मंदावते: तापमान किंवा पीएच.
- साध्या प्रकाशात ठीक चालते, निळा प्रकाश लावला की वेग वाढतो, अनियमित होते आणि मग थांबते: प्रकाशाची इजा.
- डाय भरण्याआधी जोरात, भरल्यावर कमजोर: डायचे प्रमाण.
- ऊती हलते, पण कॅल्शियमची लाट दिसत नाही किंवा उलटी दिसते: डाय आत गेलेली नाही, किंवा हालचालच सिग्नल म्हणून मोजली जाते आहे.
- धडधड नियमित, पण बल दर आठवड्याला कमी. ऊती मधोमध बारीक होते आहे: फायब्रिन विरघळते आहे.
- दोन-तीन ठिकाणी वेगवेगळ्या तालात हलते, एकसंध आकुंचन नाही: पेशी कमी, मिश्रण असमान किंवा ऊती अजून कोवळी.
- ओतल्यापासून काहीच नाही: पेशींचा प्रश्न. हीच एक परिस्थिती जिथे शेवटच्या तपासण्यांकडे लवकर जावे लागते.

१. वय आणि मीडियम बदलल्याची वेळ

याला खर्च शून्य. ओतल्यानंतर पहिल्या काही दिवसांत फक्त सुट्या पेशी किंवा त्यांचे गट हलतात. संपूर्ण ऊती एका तालात आकुंचन पावायला साधारण ५ ते १० दिवस लागतात. गोठवून ठेवलेल्या पेशी वापरल्या असतील तर आणखी काही दिवस धरा. चौथ्या दिवशी ‘ऊती चालत नाही’ असे लिहून ठेवण्यात अर्थ नाही.

दुसरी गोष्ट, मीडियम (पेशी ज्या पोषक द्रावणात वाढतात ते) नुकतेच बदलले आहे का? थंड मीडियम पडले की ऊती थांबते, आणि ताजे मीडियम मिळाल्यावर काही तास तिचा वेग बदललेला असतो. मोजणी नेहमी मीडियम बदलल्यानंतर ठरावीक तासांनीच करा, मग तो आकडा २ तास असो वा २४. वेगवेगळ्या वेळी घेतलेली मोजणी एकमेकांशी ताडून पाहता येत नाही.

आपोआप धडधडणे हे जिवंतपणाचे प्रमाणपत्र नव्हे, हेही ध्यानात असू द्या. परिपक्व होत जाणाऱ्या ऊतीचा स्वतःचा वेग कमी होतो, काही ऊती थोडा वेळ धडधडून थोडा वेळ शांत राहतात, तर काही पूर्ण शांत होतात. विजेचा स्पंद दिला की त्याच उत्तम आकुंचन देतात. म्हणून एखादी ऊती ‘मेली’ असे म्हणण्याआधी तपासणी ५ झालीच पाहिजे.

२. ऊतीजवळचे खरे तापमान

स्टेजच्या पडद्यावर ३७ दिसते, पण तो आकडा स्टेजच्या धातूचा असतो. ऊती ज्या द्रावणात आहे तिथे बारीक थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) बुडवून मोजा. उघडी प्लेट, वाहती हवा, आणि मुख्य म्हणजे तेलात किंवा पाण्यात टेकणारे ऑब्जेक्टिव्ह (नमुन्याजवळचे भिंग) ही उष्णता खेचून नेतात. ऑब्जेक्टिव्ह हा धातूचा मोठा गोळाच असतो. त्याला स्वतःचा हीटर नसेल तर तो टेकतो नेमकी तीच जागा सगळ्यांत थंड होते. तापमान काही अंशांनी उतरले तरी वेग स्पष्ट कमी होतो, आकुंचन आणि शिथिलीकरण दोन्ही लांबतात, आणि खोलीच्या तापमानाला ऊती पूर्ण थांबू शकते.

उपाय सोपा आहे. स्टेज, ऑब्जेक्टिव्ह आणि द्रावण आधीच तापवून ठेवा, ऊती ठेवल्यावर १५ ते २० मिनिटे काहीही मोजू नका, आणि तापमान प्रत्येक नोंदीसोबत लिहा.

३. द्रावण: पीएच आणि कॅल्शियम

बायकार्बोनेटवर चालणारे मीडियम ५% कार्बन डायऑक्साइडबाहेर काढले की अल्कधर्मी होते. फिनॉल रेड (पीएचनुसार रंग बदलणारा सूचक) असेल तर लालसर मीडियम गुलाबी-जांभळे होताना डोळ्यांनी दिसते. स्टेजवर गॅसची सोय नसेल तर हेपिस (पीएच स्थिर ठेवणारे रसायन) असलेले टायरोड हे क्षारांचे द्रावण वापरा: सोडियम क्लोराइड १४०, पोटॅशियम क्लोराइड ५.४, कॅल्शियम क्लोराइड १.८, मॅग्नेशियम क्लोराइड १, ग्लुकोज १० आणि हेपिस १० मिलिमोलर, पीएच ७.४. तापमान वाढले की हेपिसचा पीएच उतरतो, म्हणून पीएच ३७ अंशांवरच जुळवा. या द्रावणात फिनॉल रेड नसल्यामुळे पार्श्वभूमीची चमकही कमी होते. नेहमीच्या मीडियममध्ये हेपिस घालून त्यावर प्रकाश टाकत राहणे मात्र टाळा: मीडियममधले रायबोफ्लेविन (ब-२ जीवनसत्त्व) आणि हेपिस प्रकाशात हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतात.

कॅल्शियमवर थोडे थांबायला हवे, कारण ‘कमजोर ऊती’ची तक्रार घेऊन येणारे इथेच सर्वाधिक सापडतात. पेशी आरपीएमआय १६४० हे मीडियम आणि बी-२७ हे पूरक मिश्रण यांत वाढवायची सवय असते, आणि ऊतीही त्याच मीडियममध्ये पुढे चालू ठेवली जाते. आरपीएमआय १६४० मध्ये कॅल्शियम सुमारे ०.४ मिलिमोलर असते, डीएमईएम या दुसऱ्या मीडियममध्ये १.८. हृदयस्नायूचे बल बाहेरच्या कॅल्शियमवर थेट अवलंबून असते, त्यामुळे ०.४ वर मोजलेली ऊती कमजोरच दिसणार. आरपीएमआयमध्ये फॉस्फेटही जास्त असते, तेव्हा वरून कॅल्शियम ओतून ते १.८ वर नेण्यापेक्षा (बारीक कण साचू शकतात) मोजणी टायरोडमध्ये आणि ऊतीची वाढ डीएमईएमवर आधारित मीडियममध्ये करणे बरे.

याच तपासणीतून आणखी एक उत्तर मिळते. टायरोडमध्ये कॅल्शियम ०.५, १, १.८ आणि २.५ मिलिमोलर असे टप्प्याटप्प्याने वाढवा, दर टप्प्यावर ५ ते १० मिनिटे थांबा. बल चढत गेले तर आकुंचनाची यंत्रणा शाबूत आहे, दोष सभोवतालात होता. काहीच फरक पडला नाही तर पुढे चला.

४. प्रकाश आणि डाय

प्रकाशाची तपासणी अशी: एकाच बॅचमधल्या दोन ऊती घ्या. एक निळ्या प्रकाशाखाली, दुसरी तेवढाच वेळ फक्त साध्या मंद प्रकाशात. दुसरी चालू राहिली आणि पहिली थांबली तर प्रश्न सुटला. इजेची खूण ठरलेली असते: आधी वेग वाढतो, मग मधेमधे जादा ठोके येतात, शिथिल अवस्थेतली कॅल्शियमची पातळी वर सरकते आणि शेवटी ऊती आखडून थांबते. एलईडीची तीव्रता सिग्नल जेमतेम पुरेल इतकी खाली आणा, कॅमेरा चालू असेल तेव्हाच प्रकाश पडेल अशी जोडणी करा, आणि सलग ५ मिनिटांऐवजी १० ते २० सेकंदांच्या तुकड्यांत नोंद घ्या. नमुन्याच्या जागी पडणारी शक्ती पॉवर मीटरने मोजून लिहून ठेवली तर पुढच्या महिन्यातली मोजणी आजच्याशी जुळवता येते; सॉफ्टवेअरमधली टक्केवारी त्या कामाची नाही, कारण दिवा बदलला की तिचा अर्थ बदलतो.

डायमध्ये फ्लुओ-४ एएम हे नेहमीचे उदाहरण घेऊ. सुरुवात ५ मायक्रोमोलर, डाय विरघळायला मदत करणारे प्लुरॉनिक एफ-१२७ ०.०२%, ३७ अंशांवर ३० मिनिटे, मग धुऊन आणखी २० ते ३० मिनिटे तशीच ठेवायची. हा शेवटचा काळ वगळला जातो आणि तीच चूक ठरते: डायला पेशीत शिरता यावे म्हणून जोडलेला एएम गट तुटेपर्यंत ती कॅल्शियम पकडत नाही. डाय भरताना सीरम (रक्तातला द्रव) असलेले मीडियम वापरू नका, कारण सीरममधली एस्टरेज विकरे डाय पेशीबाहेरच तोडतात आणि मग ती आत शिरत नाही. सिग्नल १५-२० मिनिटांत फिका पडत असेल तर पेशी डाय बाहेर फेकत आहेत. १ ते २.५ मिलिमोलर प्रोबेनेसिडने ते रोखता येते, किंवा पेशीत जास्त टिकणारी कॅल-५२० डाय वापरता येते.

डाय कमी पडण्याइतकाच जास्त होण्याचाही त्रास असतो. कॅल्शियमची डाय ही स्वतः कॅल्शियम धरून ठेवते. जास्त भरली की आकुंचनाला लागणारे कॅल्शियम तीच शोषते, आणि एएम गट तुटताना फॉर्मल्डिहाइडही सुटते. डायनंतर बल पडत असेल तर प्रमाण १ ते २ मायक्रोमोलरवर आणा. बल आणि कॅल्शियम दोन्ही दीर्घकाळ मोजायचे असतील तर जीकॅम्पसारखा जनुकीय सूचक (पेशी स्वतःच बनवतात असे चमकणारे प्रथिन) असलेली पेशीरेषा हा खरा उपाय आहे, पण ते काम महिन्यांचे आहे, आजच्या बिघाडाचे नाही.

आता हालचालीचा घोटाळा. एकाच तरंगलांबीच्या डायमध्ये चमकदार ठिपका फोकसमध्ये आला-गेला तरी आलेख कॅल्शियमच्या लाटेसारखा दिसतो. ओळखायचे कसे? एका चमकदार ठिपक्याच्या दोन्ही बाजूंना मोजणीच्या लहान चौकटी ठेवा. एकीकडे आलेख वर आणि दुसरीकडे त्याच क्षणी खाली जात असेल तर ती हालचाल आहे. खात्रीसाठी ५ ते १० मायक्रोमोलर ब्लेबिस्टॅटिनने आकुंचन थांबवून पुन्हा पाहा. खरी लाट टिकते. ब्लेबिस्टॅटिन निळ्या प्रकाशात मोडते आणि मोडताना पेशींना इजा करते, तेव्हा निळ्या प्रकाशाच्या कामाला त्याचे प्रकाशात टिकणारे पॅरा-नायट्रो रूप वापरा. अर्थात त्या ऊतीचे बल त्या दिवशी मोजता येणार नाही.

कॅमेऱ्याचा वेगही इथेच पाहून घ्या. सेकंदाला ३० चौकटी ठोके मोजायला पुरतात, कॅल्शियमचा चढ मोजायला नाही. किमान १०० ठेवा.

५. विजेचा स्पंद

कार्बनचे इलेक्ट्रोड, ४ मिलिसेकंदांचे द्विध्रुवी (दोन्ही दिशांनी आळीपाळीने जाणारे) स्पंद. २ व्होल्टपासून सुरू करून अर्ध्या-अर्ध्या व्होल्टने वाढवा. प्रत्येक स्पंदाला ऊती साथ देऊ लागली तो उंबरठा. काम त्याच्या दीडपटीवर करा. वारंवारता ऊतीच्या स्वतःच्या वेगापेक्षा थोडी जास्त हवी, कमी ठेवली तर ऊती आपल्याच तालात चालते आणि स्पंद लागत नाही असे वाटते. इलेक्ट्रोडवर बुडबुडे दिसले तर ताबडतोब थांबा: पाण्याचे विघटन होऊन पीएच बिघडतो आणि मीठ असलेल्या द्रावणात क्लोरीनही सुटतो. एकध्रुवी स्पंद टाळायचे ते याचसाठी.

६. खांब आणि बलाचे गणित

ऊती जोरात चालते, पण आकडा कमी येतो? खांब किती वाकतो त्यावरून बल काढतात, मग खांब मोजा. टोकाला ताण असलेल्या गोल खांबासाठी बल हे त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात आणि लांबीच्या तिसऱ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलते. व्यास १०% जास्त धरला तर बल ४६% जास्त निघते. सिलिकोनचा ताठरपणा तो कोणत्या तापमानावर, किती वेळ पक्का केला त्यावर ठरतो, तेव्हा दोन वेगळ्या दिवशी ओतलेले खांब एकसारखे मानू नका. ऊती टोकावरून मुळाकडे सरकली असेल तर परिणामी लांबी बदलते आणि तेच बल कमी वाकण्यात दिसते. बाजूने एक छायाचित्र घेतले की हे कळते. औषधांची चाचणी करत असाल तर एवढे लक्षात ठेवा: हे सिलिकोन स्निग्ध रेणू शोषून घेते, म्हणून द्रावणातले प्रत्यक्ष प्रमाण तुम्ही घातले त्याहून कमी असू शकते.

७. फायब्रिन आणि ओतण्याची पद्धत

इथून पुढे नवी बॅच लागते. पेशी प्लाझ्मिन या विकराच्या वाटेने फायब्रिन विरघळवतात. त्याला अटकाव म्हणून मीडियममध्ये अप्रोटिनिन ३३ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर हवे, आणि तेही प्रत्येक वेळी मीडियम बदलताना. ऊती मधोमध बारीक होणे, विश्रांतीत आत झुकलेले खांब पुन्हा सरळ होऊ लागणे, आणि मग तुटणे, हा अप्रोटिनिन विसरल्याचा किंवा जुने झाल्याचा ठरलेला क्रम आहे.

ओतताना फायब्रिनोजेन (ज्यापासून फायब्रिन बनते ते प्रथिन) ५ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर आणि थ्रॉम्बिन (ते जमवणारे विकर) ३ युनिट प्रति मिलिलिटर धरतात. फायब्रिनोजेन ३७ अंशांवर हळूहळू विरघळू द्या, जोरात हलवू नका. फेस आला की प्रथिन बिघडते आणि गुठळ्या उरतात. दाट द्रावणाला टोक कापलेली टिप वापरा, नाहीतर मोजमाप चुकते. थ्रॉम्बिनचे लहान भाग करून गोठवा, एकदा वितळलेला भाग परत गोठवू नका. थ्रॉम्बिन प्रत्येक ऊतीसाठी वेगळे, ओतायच्या क्षणी मिसळायचे आणि काही सेकंदांत साच्यात सोडायचे. रेंगाळलात तर पिपेटमध्येच जेल जमते, निम्मी ऊती दाट आणि निम्मी विरळ होते, आणि दोन-तीन तालांची ऊती बनते ती अशीच. पेशीही नळीच्या तळाशी बसत राहतात, म्हणून दर ओतणीआधी हलक्या हाताने ढवळा.

जेल जमायला दीड ते दोन तास द्या. त्यानंतर साच्यात थोडे मीडियम सोडून ऊती सुटी होऊ द्या आणि मगच उचला. कोरडी ओढली तर खांबाच्या टोकाशी फाटते आणि ते आठवडाभराने लक्षात येते.

८. पेशी

हृदयस्नायूचे प्रथिन ट्रोपोनिन टी रंगवून फ्लो सायटोमेट्रीने (पेशी एकेक करून मोजणाऱ्या यंत्राने) शुद्धता मोजा. धडधडणारी प्लेट पाहून अंदाज बांधू नका. निम्म्या पेशी हृदयस्नायूच्या असल्या तरी प्लेट पूर्ण हलताना दिसते. शुद्धता कमी असेल तर इतर पेशी वाढत जातात, ऊती जास्त आकसते आणि बल घटते. उलट अगदी शुद्ध पेशींची ऊती नीट आकसतच नाही, सैल राहते. तिथे सुमारे १०% हृदयातील फायब्रोब्लास्ट (जोडऊतीच्या पेशी) मुद्दाम मिसळून पाहा.

शुद्धता बॅचगणिक हेलकावे खात असेल तर मूळ विभेदनात (आयपीएस पेशींपासून हृदयस्नायू पेशी घडवण्याच्या पायरीत) जा. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पद्धतीत आधी सीएचआयआर ९९०२१ या रसायनाने पेशींमधला डब्ल्यूएनटी हा संकेतमार्ग चालू करतात आणि तिसऱ्या दिवशी आयडब्ल्यूपी गटातल्या रोधकाने तो बंद करतात. सीएचआयआरचे योग्य प्रमाण पेशीरेषा आणि त्या दिवशीची पेशींची घनता यांवर ठरते. ४ ते १२ मायक्रोमोलरच्या पट्ट्यात २ च्या टप्प्याने चाचणी करा, आणि पेशी मोजून लावा, नजरेने नव्हे. हाती आलेली बॅच वाचवायची तर ग्लुकोज नसलेल्या, ४ मिलिमोलर लॅक्टेटच्या मीडियममध्ये काही दिवस ठेवल्याने बहुतेक इतर पेशी मरतात. त्यानंतर पेशींना सावरायला अवधी द्या, थेट ऊतीत ओतू नका. सुट्या केल्यावर ट्रिपान ब्लूने (मेलेल्या पेशीच रंगवणाऱ्या रंगाने) जिवंत पेशी ८०% हून कमी निघाल्या तर ओतणे पुढे ढकला.

ऊतीचा गाभा मेला आहे का, हेही एकदा आडवा छेद घेऊन पाहा. ऑक्सिजन पेशींच्या दाट थरातून साधारण १०० ते २०० मायक्रोमीटरच आत पोहोचतो. कॉन्फोकलने (लेसरने एकेक थर दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकाने) वरून पाहताना साधारण पहिले १०० मायक्रोमीटर दिसतात, म्हणजे नेमका निरोगी भाग, आणि गाभा नजरेआडच राहतो. पेशी कमी करणे, ऊती बारीक करणे, प्लेट हळू हलती ठेवणे किंवा इन्क्युबेटरमध्ये ऑक्सिजन वाढवणे, हे पर्याय आहेत. छेदासाठी ऊती खांबांवर ताणलेलीच स्थिर करा (रसायनाने जशीच्या तशी टिकवा) आणि त्याआधी ३० मिलिमोलर बीडीएमने शिथिल करा. आकुंचित अवस्थेत स्थिर केलेल्या ऊतीत आकुंचन-यंत्रणेतल्या अल्फा-ॲक्टिनिन प्रथिनाचे पट्टे एकमेकांत मिसळलेले दिसतात आणि चांगली ऊतीही विस्कटलेली वाटते. प्रथिने रंगवणारी प्रतिपिंडे आत पोहोचायला एक रात्र पुरत नाही, २४ ते ४८ तास द्या.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

लेसरचे संरेखन किंवा कॉन्फोकलचे आतले भाग स्वतः उघडू नका. ३बी आणि ४ वर्गाच्या लेसरचा परावर्तित किरणही डोळा कायमचा निकामी करू शकतो. एकच चमकणारी प्रमाण-स्लाइड दर आठवड्याला पाहत जा. तिची चमक त्याच सेटिंगवर उतरली असेल तर बिघाड यंत्राचा आहे, आणि ते काम सेवा-अभियंत्याचे. उत्तेजक यंत्रातून नको तेव्हा वीज झिरपत असल्याची शंका आली तरी तेच. इन्क्युबेटरच्या कार्बन डायऑक्साइडचा पडदा आणि स्वतंत्र मीटरचा आकडा जुळत नसेल तर सेन्सरचे अंशांकन करून घ्या.

मायकोप्लाझ्माची (पेशीसंवर्धनात लपून राहणाऱ्या सूक्ष्म जीवाणूंची) पीसीआर चाचणी सकारात्मक आली तर प्रतिजैविके देऊन ऊती वाचवायच्या भानगडीत पडू नका. मीडियम गढूळ न होता हा संसर्ग पेशींचे वागणे बदलतो, त्यामुळे आधीची मोजणीही संशयास्पद ठरते. जैवसुरक्षा अधिकाऱ्याला कळवा, ती खोली वापरणाऱ्या सगळ्यांना सांगा, पेशी नष्ट करा, आणि संसर्गाआधी गोठवलेल्या, तपासलेल्या नळीपासून पुन्हा सुरुवात करा.

आठव्या तपासणीनंतरही सलग ३ बॅच अपयशी ठरल्या तर ओतणे थांबवून पेशीरेषेची गुणसूत्र-चाचणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून करून घ्या. आयपीएस पेशींमध्ये गुणसूत्र १, ८, १२, १७ आणि २० चे जादा भाग वारंवार आढळतात, आणि गुणसूत्र २० वरच्या २०क्यू११.२१ या भागाची लहान वाढ साध्या पट्टेदार चाचणीत निसटते. तिची वेगळी चाचणी मागून घ्यावी लागते. अहवाल हाती येईपर्यंत त्या नळ्यांवर खूणचिठ्ठी लावून त्या बाजूला ठेवा, आणि दुसरी एखादी चांगली चालणारी पेशीरेषा त्याच मीडियममध्ये, त्याच हातांनी ओतून पाहा. तीही फसली तर दोष पेशीरेषेत नाही, आणि सातव्या तपासणीतले पदार्थ नव्या लॉटमधून घेऊन पुन्हा तपासायला हवेत.